हातचा न घेणारी संख्या

चौकटीच्या वहीत १११११११११ ला १११११११११ ने गुणून पाहा. कॅल्क्युलेटर नको, शाळेत करायचो तसा उभा गुणाकार. नऊ ओळी येतात, प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. उजव्या कडेला एकच एक, शेजारच्या रकान्यात दोन, मग तीन. मधल्या रकान्यात नऊच्या नऊ ओळी एकाखाली एक येतात आणि तिथून उतार लागतो. बेरीज १२३४५६७८९८७६५४३२१. उलटी वाचा, तीच. अंक १७. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त परार्धापर्यंत जी १८ स्थानं सांगितली, त्यांतल्या सतराव्या, ‘मध्य’ या स्थानावर हिचा पहिला एक बसतो.

एवढ्या बेरजेत हातचा एकदाही घ्यावा लागत नाही. या संख्येचं सगळं देखणेपण मला त्यातच दिसतं.

नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात हिची धाकटी बहीण आहे: १२३४५६५४३२१, एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी. त्याच ग्रंथात १२३४५६७९ × ९ = १११११११११ हा गुणाकारही आहे. असे सुबक गुणाकार त्यांना गळ्यातल्या कंठ्यासारखे वाटले. (पहिल्या संख्येत आठ नाही, हे नजरेतून सुटू देऊ नका.)

डहाणूला १९०५ साली जन्मलेले द. रा. कापरेकर देवळालीला शाळेत शिकवत. जग त्यांना ६१७४ साठी ओळखतं, पण नुसत्या एकांच्या वर्गांवरही त्यांचा फार जीव होता. त्या संख्या ‘डेम्लो’ कुळातल्या. जीआयपी रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर असलेल्या स्थानकाचं, आजच्या डोंबिवलीचं, ते तेव्हाचं नाव. संख्यांचा विचार तिथे सुचला म्हणून नावही तिथलंच.

जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं, आनंद देणारी. आपली संख्या हर्षद आहे. अंकांची बेरीज ८१, कारण वहीत एकूण ८१ एक मांडले होते आणि त्यांतला एकही हातच्यात गेला नाही. आता ८१ ने भागा: उत्तर येतं १२३४५६७९ चा वर्ग. महावीराचार्यांचा कंठा पुन्हा हातात! त्याचेही मणी सुटे होतात: ३७ आणि ३३३६६७, दोन्ही मूळ संख्या.

मग दहा एक घेऊन पाहावं, असं कोणालाही वाटेल. मधल्या रकान्यात दहा जमतात, शून्य मांडून हातचा एक. शेजारी नऊ आणि एक पुन्हा दहा, पुन्हा हातचा. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. उलटसुलटपणा गेला, आणि डाव्या उतारावरून आठही नाहीसा झाला. एक मांडले होते १००, पण अंकांची बेरीज भरते ८२. प्रत्येक हातच्याला दहा सुटे देऊन एक बंदा मिळतो, म्हणजे नऊ उणे. दोन हातच्यांचे अठरा. ८२ सम, संख्या विषम. भाग जात नाही, ती हर्षदही नाही.