मुळशी खोऱ्यातील काजव्यांचे वाण राखा

रोहिणी नक्षत्र सरत येऊन मृगाची चाहूल लागली की, मुळशी तालुक्यात ताम्हिणीच्या बाजूस हिरडा, ऐन, जांभूळ अशा झाडांवर असंख्य काजवे लुकलुकू लागतात. हा देखावा पाहण्यास हल्ली शहरांतून पुष्कळ लोक येतात. परंतु काजवा शेतकऱ्याच्याही उपयोगाचा कीटक आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या वर्गातील कीटक होय. जगात त्याच्या 2,000 हून अधिक जाती आहेत. त्याचे बहुतेक आयुष्य अळीच्या अवस्थेत, ओलसर मातीत व पालापाचोळ्याखाली जाते. पुष्कळ जातींच्या अळ्या गोगलगायी खातात. गोगलगायी कोवळी रोपे व भाजीपाला कुरतडतात, हे शेतकरी बंधूंना सांगावयास नको. प्रौढ काजवा मात्र सामान्यतः दोन-तीन आठवडेच जगतो. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन उजेड पडतो. या उजेडाच्या खुणेनेच नर व मादी एकमेकांस ओळखतात.

ही खूण जातीजातीत निराळी असते. कधी कधी एकाच जातीतही ती ठिकाणपरत्वे बदलते. जपानमधील गेंजी नावाच्या काजव्याचे नर पूर्वेकडील भागात सुमारे 4 सेकंदांनी, तर पश्चिमेकडील भागात सुमारे 2 सेकंदांनी लुकलुकतात. त्यांच्या आनुवंशिक घटकांतही फरक आढळला आहे. म्हणजे दिसावयास काजवा एकच असला तरी त्याचे वाण निराळे असते. एका समूहातील अशा आनुवंशिक भेदांना आनुवंशिक विविधता म्हणतात. ज्या समूहात ती भरपूर असते, त्यातील काही काजवे तरी रोगराईतून व लांबलेल्या पावसातून तगतात आणि वंश पुढे चालवितात.

ही विविधता घटते कशी, हे गुरांच्या उदाहरणावरून समजेल. एकाच वळूच्या संततीत पिढ्यान्‌पिढ्या पैदास होत राहिली, तर जनावरे कमजोर निपजतात. काजव्यांचेही तसेच आहे. कित्येक जातींच्या माद्यांना पंखच नसतात. पंख असलेल्या पुष्कळ माद्याही फार दूर जात नाहीत. दोन रानांमध्ये सपाट केलेली जमीन, रुंद रस्ता किंवा प्रखर दिव्यांची वसाहत आली की, इकडचे काजवे तिकडे जाईनासे होतात. प्रत्येक समूह लहान व एकाकी पडतो आणि आपल्यातच वाढू लागतो. असा समूह एखाद्या वणव्याने किंवा विषारी फवारणीने संपला, तर ती जागा पुन्हा भरून येणे कठीण असते.

अशा वेळी दुसऱ्या भागातील काजवे आणून सोडावेत, असे कोणास वाटेल. ते हितावह नाही. जपानमध्ये पर्यटकांसाठी पश्चिमेकडील गेंजी काजवे पूर्वेकडे नेऊन सोडले गेले. त्यामुळे तेथील मूळ वाणाला धोका उत्पन्न झाला. मुळशीचे काजवे मुळशीतच वाढावेत, हाच खरा उपाय होय. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

1. राब भाजावयाचा तो रोपांच्या वाफ्यापुरताच भाजावा. भोवती जाळरेषा काढून वणवा रानात जाऊ देऊ नये.

2. ओढ्याकाठची झाडी, बांधावरील झुडपे व देवराई तोडू नये. काजव्यांना एका रानातून दुसऱ्या रानात जावयाच्या याच वाटा होत.

3. झाडाखालचा पाचोळा सरसकट गोळा करून जाळू नये.

4. कीटकनाशक गरजेपुरतेच वापरावे. ओढ्यालगत व बांधावर फवारू नये.

5. मे अखेरपासून जूनअखेरपर्यंत रात्री अनावश्यक दिवे मालवावेत. आवश्यक दिव्यांवर झाकण बसवून त्यांचा उजेड खाली पाडावा.

6. पाहुण्यांस झाडे हलवू देऊ नयेत, विजेऱ्यांचा झोत टाकू देऊ नये व काजवे बाटलीत भरू देऊ नयेत.

ताम्हिणीच्या काही जंगलास 2013 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे. परंतु काजवा अभयारण्याची हद्द जाणत नाही. त्याचा पुष्कळसा वंश आपल्या बांधावर व ओढ्याकाठी वाढतो. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय अवश्य मांडावा आणि आपल्या शिवारात काजवे कोठे दिसतात, याची दरवर्षी नोंद ठेवावी. कोठे ते कमी झाले हे वेळीच कळले, तरच उपाय करता येईल.