घाट, पाऊस आणि लिटरभर ऑइल

साखरपा सोडलं की आंबा घाटाची चढण सुरू होते. मे महिन्याची दुपार, मागे एक माणूस, मध्ये आंब्याची पेटी आणि दुसऱ्या गिअरवर कण्हत चढणारी शंभर सीसीची स्प्लेंडर. हे इंजिन वाऱ्यावर थंड होणारं, आणि घाटात वेग मंदावल्यामुळे नेमका तो वाराच कमी पडतो. अशा वेळी पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना घासू न देणं आणि तिथली उष्णता वाहून नेणं, ही दोन्ही कामं आत फिरणाऱ्या जेमतेम लिटरभर ऑइलकडे असतात.

घरीच ऑइल बदलणारे रत्नागिरीत पुष्कळ आहेत. एक पाना, एक नरसाळं, जुनं पातेलं आणि अर्धा तास, एवढ्यावर काम होतं. चूक होते ती बहुतेक दुकानात, डबा निवडताना.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे घरात उरलेलं गाडीचं, म्हणजे मोटारीचं, ऑइल बाइकमध्ये ओतणं. मोटारीत गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं आणि क्लच कोरडा असतो. बहुतेक मोटरसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा एकाच ऑइलमध्ये भिजतात. मोटारींच्या कित्येक पातळ ऑइलांत इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. ती क्लच प्लेटांवर बसली की क्लच स्लिप होऊ लागतो: इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही. भर घाटात हे झालं, तर मागे बसलेल्याला उतरून चालावं लागतं.

ही अडचण ओळखून जपानने १९९८ मध्ये दुचाकींच्या ऑइलसाठी ‘जासो’ हे वेगळं मानक आणलं. डब्याच्या मागच्या बाजूला छोट्या चौकटीत ते छापलेलं असतं. ‘एमए’ किंवा ‘एमए२’ असेल तर ते ऑइलात भिजणाऱ्या क्लचसाठी. ‘एमबी’ हे अ‍ॅक्टिव्हासारख्या बिनगिअरच्या स्कूटरसाठी, कारण तिचा क्लच कोरडा असतो. घरात एक बाइक आणि एक स्कूटर असेल, तर एकाच डब्यात दोन्ही भागवण्याचा मोह टाळावा. पुढच्या बाजूला कितीही चमकदार चित्र असलं, तरी आधी ही चौकट शोधावी.

त्यानंतर पाहायचे ते आकडे. ‘१०डब्ल्यू-३०’ किंवा ‘२०डब्ल्यू-५०’ यातला डब्ल्यू हा विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. पहिला आकडा ऑइल थंडीत किती वाहतं ते सांगतो. १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ अंशांवर होते आणि २०डब्ल्यूची उणे १५ वर. रत्नागिरीत डिसेंबरची पहाटसुद्धा क्वचितच १५ अंशांखाली जाते. त्यामुळे मनालीच्या बर्फात महत्त्वाचा ठरणारा हा आकडा इथे फारसा त्रास देत नाही. दुसरा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा, आणि आंबा घाटात कामाला येतो तो हाच.

मग सरळ सगळ्यांत मोठा आकडा घ्यावा का? ‘जुनी गाडी आहे, जरा जाड ऑइल द्या’ हे वाक्य दुकानांत नेहमी ऐकू येतं. पण इंजिनमधल्या फटी, ऑइल पंप आणि ऑइलच्या बारीक वाटा ठरावीक दाटपणा धरूनच बनवलेल्या असतात. स्प्लेंडरसाठी कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते, पल्सर १५० साठी २०डब्ल्यू-५०. त्यात कोणी कोणापेक्षा सरस नाही. स्प्लेंडरमध्ये विनाकारण जाड ऑइल घातलं, तर सकाळी स्टार्ट केल्यावर ते वर हेडपर्यंत उशिरा पोहोचतं आणि अॅव्हरेजही पडतं. गाडी निळा धूर सोडू लागली असेल तर दुखणं पिस्टन रिंगमध्ये किंवा व्हॉल्व्हच्या सीलमध्ये असतं. जाड ऑइल ते फक्त काही दिवस झाकतं. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका कपाटातून काढून त्यातला आकडा पाहणं हेच खरं. महागडं सिंथेटिक भरून ते वर्षभर तसंच ठेवण्यापेक्षा पुस्तिकेतल्या आकड्याचं साधं मिनरल ऑइल वेळेवर बदललेलं रोजच्या गाडीला जास्त मानवतं.

कोकणात ऑइलचा मोठा शत्रू पाणी आहे. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि हवा बाराही महिने दमट असते. घर ते बाजार अशा दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळे आत साचलेल्या बाष्पाला उडून जायला वाव मिळत नाही. डिपस्टिकवर दुधाळ, चहासारखं ऑइल दिसलं की पाणी शिरलं असं समजावं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं आणि अंगणांत, बाजारपेठेत उभ्या असलेल्या असंख्य दुचाकी बुडाल्या. अशा गाडीला किक किंवा सेल्फ मारणं घातक, कारण पाणी दाबलं जात नाही आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी प्लग काढायचा, ऑइल पूर्ण सोडायचं, नवं भरून इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि तेही बदलायचं. दुधाळपणा जाईपर्यंत हे पुन्हा करावं लागतं. या धुण्यासाठी स्वस्त ऑइल चालतं, पण तेही एमएचंच हवं.

बाकी कृती सोपी. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करावं, गाडी डबल स्टँडवर घ्यावी, खालचा नट सोडावा. नट परत बसवताना जोर लावू नये. अॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की खर्च ऑइलच्या कितीतरी पट होतो. वॉशर नवा घालावा. डबा लिटरचा असला तरी तो सगळा रिकामा करायचा नसतो. पुस्तिकेतलं माप आणि डिपस्टिकवरची वरची खूण हीच मर्यादा. स्प्लेंडरची डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते.

शेवटी पातेल्यात काळं ऑइल उरतं. कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते फासण्याची किंवा परसात ओतून देण्याची पद्धत गावोगाव आहे. जुनं इंजिन ऑइल कायद्याने घातक कचरा ठरतं, त्यात झिजलेल्या धातूंचे कण असतात. आणि रत्नागिरीची जमीन जांभ्याची, सच्छिद्र. पावसाचं पाणी तिच्यातून झिरपत विहिरीत उतरतं. जे परसात ओतलं, ते त्याच वाटेने जाऊ शकतं. ऑइलचा आधीचा रिकामा डबा इथे उपयोगी पडतो: जुनं ऑइल त्यात भरून झाकण घट्ट लावावं आणि पुढच्या फेरीत ओळखीच्या गॅरेजमधल्या जुन्या ऑइलच्या पिंपात रिकामं करून यावं.