विवाह आणि सशर्त वास्तव्य

अमेरिकेच्या नागरिकाशी विवाह करून त्या देशी गेलेल्या मराठी वधूच्या हाती येणारे ग्रीन कार्ड पुष्कळदा अवघ्या दोन वर्षांच्या मुदतीचे असते. वास्तव्याचा हक्क मिळतो त्या दिवशी विवाहास दोन वर्षे पुरी झालेली नसली, म्हणजे तो हक्क सशर्त ठरतो. नोकरी करणे, मायदेशी येऊन परत जाणे या गोष्टींना आडकाठी नसते; मात्र विवाह खरा होता, हे दोन वर्षांनी पुन्हा सिद्ध करावे लागते. परदेशी वरालाही हाच नियम लागू आहे.

हे बंधन १९८६ च्या कायद्याने घातले. केवळ वास्तव्यासाठी कागदोपत्री लग्ने लावण्याच्या प्रकारांस आळा बसावा, हा त्याचा हेतू. नवा संसार काही काळ पाहावा आणि मगच कायमची मोहोर उठवावी, असा त्यामागील विचार होय.

अट काढून घेण्यासाठी मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पतिपत्नींनी मिळून अर्ज करावयाचा असतो. ‘आय-७५१’ हा त्याचा नमुना. त्यासोबत दोघांच्या नावे असलेला घराचा करार, बँकेतील संयुक्त खाते, प्राप्तिकराची विवरणपत्रे, विमापत्रे, अपत्याचा जन्मदाखला असे सहजीवनाचे पुरावे जोडतात. अर्ज वेळेवर दाखल झाला, की निर्णय लागेपर्यंत वास्तव्याचा हक्क चालू राहतो.

परंतु संयुक्त अर्ज म्हटला, की त्यावर पतीची सही आली. संसार सुखाचा असेल तेथे ती सही ही निव्वळ औपचारिक बाब. पण जेथे छळ आहे, तेथे तेच धाकाचे साधन बनते. ‘सही केली नाही, तर तुला परत जावे लागेल’ या एका वाक्यापायी परमुलखातील एकाकी स्त्री मुकाट्याने सारे सोसत राहते.

वस्तुतः कायदा तिला इतका निराधार ठेवीत नाही. विवाह सद्भावनेने झाला होता, पण तो घटस्फोटाने संपला. विवाह सद्भावनेचा होता, पण पतीने मारहाण वा पराकाष्ठेचा छळ केला. किंवा देशाबाहेर जावे लागल्यास असाधारण हालअपेष्टा ओढवतील, यांपैकी एक कारण दाखवून तिला एकटीने अर्ज करता येतो. पतीचे निधन झाले असल्यासही तसेच. मूळ कायद्यात घटस्फोट परदेशी जोडीदारानेच, सबळ कारणासाठी घेतलेला असावा, असा दंडक होता. १९९० च्या दुरुस्तीने तो गेला आणि छळाचे कारण नव्याने समाविष्ट झाले. छळाच्या कारणासाठी घटस्फोट झालेलाच असावा, असे नाही. एकटीच्या अर्जाला ९० दिवसांचे बंधनही नाही. मुदतीपूर्वी केव्हाही तो करता येतो. अर्ज फेटाळला गेला, तर स्थलांतर न्यायाधीशापुढे त्याचा फेरविचार होऊ शकतो.

अर्थात पुराव्याचा भार तिच्यावरच असतो. म्हणून संसारातील महत्त्वाच्या कागदांच्या प्रती पहिल्या दिवसापासून स्वतःजवळ बाळगणे, छळ झाल्यास पोलीस व वैद्यकीय नोंदी जपून ठेवणे आणि जाणत्या वकिलाचा सल्ला वेळीच घेणे हिताचे. मुलीची पाठवणी करताना दागिन्यांची यादी कसोशीने करणाऱ्या आईबापांनी ही माहितीही तिच्या पदरी बांधावी. पतीची सही हा एक मार्ग आहे, एकमेव मार्ग नव्हे, एवढे तिला ठाऊक असले, तरी त्या धाकाची धार पुष्कळ बोथट होईल.