छतावरील तबकडीतून आकाशाचा अभ्यास

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ या ग्रंथात उज्जयिनीच्या मध्यरेखेवरील जी स्थाने सांगितली आहेत, त्यांत वत्सगुल्माचा उल्लेख येतो. खगोलशास्त्राशी असे जुने नाते असलेल्या या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना रेडिओ दुर्बिणीचा परिचय आपल्या शाळेच्या अंगणातच होऊ शकेल.

रेडिओ दुर्बीण म्हटली की नारायणगावजवळील खोडदचा भव्य प्रकल्प आठवतो. तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. परंतु या प्रकल्पाचे शिल्पकार डॉ. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याण येथे सूर्याच्या निरीक्षणासाठी जी दुर्बीण उभारली, तिच्या ३२ तबकड्या प्रत्येकी अवघ्या १.८ मीटर व्यासाच्या होत्या, आणि त्याही ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या. आरंभ लहान साधनांनी होतो, तो असा.

लहरी एकवटणारी तबकडी, त्यांचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा ग्राहक आणि तो संकेत मोजणारा मापक ही रेडिओ दुर्बिणीची तीन प्रमुख अंगे होत. घरोघरी दिसणाऱ्या सुमारे ६० सेंटिमीटरच्या डीटीएच तबकडीत पहिली दोन अंगे तयारच असतात. तिला तबकडी बसविणारे कारागीर वापरतात तो ‘सॅटेलाइट फाइंडर’ जोडून सेट-टॉप बॉक्समधून वीजपुरवठा केला, की दुर्बीण सिद्ध होते. तबकडी सूर्याकडे वळताच मापकाचा काटा चढतो. ढग आड आले तरी निरीक्षण थांबत नाही.

दूरचित्रवाणीच्या उपग्रहाकडे वळल्यावरही काटा चढतो. मग सूर्य ओळखावा कसा? तबकडी स्थिर ठेवावी. उपग्रहाचा संकेत तसाच राहतो. सूर्याचा मात्र दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो, कारण पृथ्वी दर चार मिनिटांना एक अंश फिरते. पृथ्वीच्या परिभ्रमणाचे नव्हे, तर परिवलनाचे हे प्रत्यक्ष प्रमाण होय.

महाविद्यालयांना याहून पुढे जाता येईल. आकाशगंगेतील हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडतो. १९५१ मध्ये अमेरिकेत युएन व पर्सेल यांनी त्या प्रथम टिपल्या, त्या कर्ण्याच्या आकाराच्या साध्या अँटेनाने. तसा पत्र्याचा कर्णा, एक प्रवर्धक आणि संगणकाला जोडावयाचा स्वस्त रेडिओ ग्राहक यांच्या साहाय्याने हा प्रयोग आज करता येतो.

या साधनांतून ग्रह-ताऱ्यांची चित्रे दिसणार नाहीत. मिळतील ती मोजमापे. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, ही दक्षता शिक्षकांनी अवश्य घ्यावी. गावात वापराविना पडलेली एखादी तबकडी ग्रामपंचायतीने शाळेस मिळवून दिली, तरी या कार्यास प्रारंभ होईल.