रात्री दारात कोण आहे? रिव्हॉल्व्हर, नेम आणि उजेड

गटाच्या बैठकीत हप्ते, व्याज, शेळ्या, शिलाई मशीन हेच विषय निघतात. पण कापूस वेचणीच्या दिवसांत एका गावी बैठक उठता उठता एक ताई मागे थांबली आणि म्हणाली, "ताई, थे बायांसाठी सरकारनं काढलेलं रिव्हॉल्व्हर आपल्याले भेटते का? अन् गटातून कर्ज काढता येईन का त्याच्यासाठी?"

बाकीच्या हसल्या. ती हसली नाही. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. घर गावाच्या शेवटी, मागे लगेच पऱ्हाटीचं वावर. घरात ती, म्हातारी सासू आणि दहावीतली पोरगी. गावात दोन चोऱ्या झाल्या होत्या. असा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही, म्हणून आम्ही नीट माहिती काढली. आज तीच सांगतो.

तिनं ऐकलं होतं ते खोटं नव्हतं. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, जानेवारी 2014 मध्ये, कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यानं 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. बाईच्या पर्समध्ये मावेल असं, पॉइंट 32 बोअरचं, वजन साधारण अर्धा किलो. तेव्हाची किंमत होती एक लाख बावीस हजारांच्या आसपास. आता आपला हिशेब करा. दहा जणींचा गट, प्रत्येकीची महिन्याला 100 रुपये बचत, म्हणजे वर्षाला 12,000. एका रिव्हॉल्व्हरला अख्ख्या गटाची दहा वर्षांची बचत! गोळ्यांचे पैसे वेगळे.

आणि दुकानात गेलं, पैसे दिले, आणलं, असं ते नाही. शस्त्र कायदा 1959 चा. परवाना लागतो, त्यासाठी वय 21 पूर्ण लागतं. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, मग पोलिसांची चौकशी. 2016 च्या नियमांप्रमाणे शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि ते घरात सुरक्षित कसं ठेवणार हेही दाखवावं लागतं. परवान्याशिवाय कुणी "स्वस्तात देतो" म्हणाला, तर तो आपल्याला तुरुंगात नेणारा सौदा आहे.

पण पैसा आणि परवाना दोन्ही क्षणभर बाजूला ठेवू. समजा, मिळालं. रात्रीचे दोन वाजलेत, कोठ्याकडे काहीतरी वाजलं, तुम्ही ते हातात घेतलं. पुढे काय दिसेल?

रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या टोकावर एक लहानसा उंचवटा असतो आणि मागच्या बाजूला एक खाच. खाचेतून बघायचं, उंचवटा बरोबर मधोमध आणि वरून सपाट दिसला पाहिजे, आणि तो समोरच्या वस्तूवर टेकला पाहिजे. याला नेम म्हणायचं. सुईत दोरा ओवण्यासारखंच काम आहे. आणि चाळिशी उलटलेल्या बाईला सुईत दोरा ओवताना काय होतं ते आपल्याला माहीत आहे! चष्मा उशाशी असतो, हात थरथरत असतो. डोळा एका वेळी एकच अंतर नीट बघतो: खाच-उंचवटा स्पष्ट दिसला तर समोरचा माणूस धूसर, माणूस स्पष्ट दिसला तर उंचवटा धूसर.

लहान रिव्हॉल्व्हरची आणखी एक अडचण. खाच आणि उंचवटा यांत चार बोटांचं, फार तर चार इंचांचं अंतर. तिथे एका मिलिमीटरची चूक झाली, तर पाच मीटरवर, म्हणजे अंगणाच्या टोकाला, गोळी पाच सेंटिमीटर बाजूला जाते. वीस मीटरवर वीस सेंटिमीटर. ही फक्त नजरेची चूक झाली. घोडा दाबताना हात हलतो ती वेगळी. आणि चुकलेली गोळी कुठे जाणार? आपल्याकडे कुडाच्या भिंती, टिनाचे पत्रे. त्यातून गोळी आरपार जाते आणि पलीकडे शेजाऱ्याची लेकरं झोपलेली असतात.

यावर परदेशात उपाय निघालेत. अंधारात आपोआप चमकणारे ठिपके नेमाच्या जागी बसवतात. त्यात ट्रिटियम नावाचा वायू असतो, बारा-तेरा वर्षांत त्याची चमक निम्मी होते. मुठीतून लाल किरण सोडणारं लेसरही मिळतं, तो ठिपका जिथे पडेल तिथे नळी रोखलेली. दोन्ही वस्तू हुशारीच्या आहेत, आम्ही नाकारत नाही. पण त्या काय सांगतात? नळी कुठे आहे ते. समोर कोण आहे ते त्या सांगत नाहीत.

मग नळीखाली टॉर्चच बसवली तर? तीही मिळते. पण त्यात एक गोम आहे. त्या उजेडात माणूस बघायचा तर आधी त्याच्यावर बंदूक रोखावी लागते. कोण आहे हे कळायच्या आधीच! म्हणून हत्यार बाळगणाऱ्या जाणत्या लोकांचंही सांगणं हेच, की बघायला वेगळी हातातली टॉर्च हवी.

त्या ताईला आम्ही विचारलं, मागच्या वेळी नेमकं काय झालं होतं? ती बराच वेळ गप्प राहिली, मग बोलली. दिवाळीच्या चार दिवस आधीची रात्र. लाईट गेलेली. मागच्या पत्र्याजवळ कुणीतरी उडी मारल्याचा आवाज आला. ती कुऱ्हाड घेऊन दाराआड उभी राहिली. सावली जवळ आली. कुऱ्हाड वर गेली, आणि तेवढ्यात आतून म्हातारी ओरडली, "कोन आहे रे?" सावली म्हणाली, "मी आहो, आजी." पुण्याला कंपनीत कामाला गेलेला तिचा थोरला मुलगा होता. शेवटच्या गाडीनं उतरला होता, मोबाईल बंद पडला होता, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून मागून आला. "कुऱ्हाडीले वर जायले वेळ लागला म्हणून पोरगं वाचलं," ती म्हणाली. रिव्हॉल्व्हरला तेवढा वेळ लागत नाही, हे तिनंच पुढे म्हटलं. आम्हाला सांगावं लागलं नाही.

अंधारात आणि भीतीत माणूस ओळखू न येणं ही लहान गोष्ट नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं मारून टाकलं. तिथे तर दिवसाचा उजेड होता, नव्हतं ते विचारणं. आणि रात्रीच्या गोळीचं म्हणाल, तर आपल्याच जिल्ह्यानं पाहिलं आहे. राळेगाव-पांढरकवडा भागातली टी-1 वाघीण, जिला अवनी म्हणत. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर होते. आपल्या बाया तेव्हा कापूस वेचायलाही जात्याने जात नव्हत्या, घोळक्याने जायच्या. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली. ती गोळी घालणारा सराईत शिकारी होता, सोबत माणसं, गाडी, सगळं होतं. तरीही अंधारात, घाईत ते कसं घडलं, नियम पाळले की नाही, यावर पुढे चौकशी झाली. सराईताची ही गत, तर दाराआड उभ्या बाईची काय?

कायदा स्वरक्षणाचा हक्क देतो. आता भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये तो आहे आणि रात्री घर फोडून कुणी शिरला तर तो हक्क मोठा होतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. समोर कोण होतं, काय करत होता, हे कोर्टात विचारलं जातंच.

आणखी एक बोलायचं आहे, ते जड जातं. आपल्या जिल्ह्यात कर्जापायी किती घरांतली माणसं गेली ते आपल्याला कुणी सांगायला नको. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, असं आपण गटात सांगतो. दारू पिऊन आलेल्या माणसाच्या हाताला काय लागू नये, हेही आपण जाणतो. मग गोळी भरलेली वस्तू घरात कुठे ठेवणार? पटकन सापडेल अशी ठेवली तर सगळ्यांनाच सापडते. कुलपात ठेवली तर रात्री दोन वाजता किल्ली कुठे?

आता उजेडाकडे येऊ, कारण हे काम आपल्या हातातलं आहे. आपण जिला बॅटरी म्हणतो ती टॉर्च घेताना दुकानदार वॅट सांगतो. वॅट म्हणजे ती वीज किती खाते. उजेड किती पडतो ते लुमेनमध्ये मोजतात, खोक्यावर ते बघा. अंगणापुरतं 200 ते 300 लुमेन भरपूर. कोठ्यापलीकडे वावरात बघायचं असेल तर झोत लांब जाणारा हवा, अंगणात मात्र पसरणारा बरा. झोत लहान-मोठा करता येतो अशी मिळाली तर उत्तम. बटण एकच असावं आणि अंधारात अंगठ्याला सापडावं. चमचम, लाल, हिरवं असे पाच खेळ असलेली घेऊ नका, घाईत नेमकं नको ते लागतं. चार्जिंगची स्वस्त टॉर्च बरेचदा शिशाच्या बॅटरीची असते, ती रिकामी पडून राहिली की मरते. लिथियम सेलची थोडी महाग, पण टिकते. साध्या सेलची घेतली तर पावसाळ्यात सेल काढून पुसा, गळतात.

ती ठेवायची जागा कायम एकच, खुंटीवर, हाताला येईल अशी. पोरांनी खेळायला न्यायची नाही.

अंगणातल्या बल्बचं आपण बहुतेक चुकतो. दारावर बल्ब, आणि आपण दारात उभ्या. म्हणजे बाहेरच्याला आपण लख्ख दिसतो, आपल्याला तो दिसत नाही. बल्ब घराच्या कोपऱ्यावर, बाहेर अंगणाकडे तोंड करून लावा. बटण मात्र आत, खाटेजवळ. माणूस हलला की आपोआप लागणारा बल्ब मिळतो, सौर दिवाही तसा मिळतो, लाईट गेली तरी चालतो. कुत्रं-मांजर आलं तरी तो लागतो. लागू द्या! आणि टॉर्च मारताना ती अंगापासून दूर, हात बाजूला लांब करून धरा. आधी दाराला कडी, मग खिडकीतून उजेड, मग मोठ्यानं आवाज: "कोण आहे?" दार उघडायची घाई नको. शेजारी उठतात, चोर पळतो, पोरगं असेल तर बोलतं.

खरं सांगायचं तर या टॉर्चला चोर एखादा दिसेल, साप जास्त दिसतील. मण्यार रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं कळतही नाही. अंथरूण झटकताना, संडासला जाताना, सरपण काढताना उजेड आधी, हात नंतर.

फोन नंबर भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहा: पोलिसांसाठी 112, बाईला घरात त्रास होत असेल तर 181, वाघ-बिबट्या दिसला तर वनविभागाचा 1926. म्हातारीलाही वाचता आला पाहिजे.

त्या ताईनं गटातून 2,000 रुपये उचलले. एक टॉर्च, कोपऱ्यावर एक सौर दिवा, मागच्या दाराला आतून लोखंडी कडी. पोराला ताकीद दिली, कितीही रात्र झाली तरी पुढून यायचं आणि आधी हाक मारायची. दिवा पहिल्या आठवड्यात शेजारच्या म्हशीवर रात्रभर लागत होता म्हणून त्याचं तोंड थोडं खाली केलं.

येत्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातली टॉर्च घेऊन या. चालते की नाही ते खोलीचं दार लावून, अंधार करून बघू. ज्यांची चालत नाही त्यांची यादी करू आणि यवतमाळच्या बाजारातून एकदमच आणू, एकीएकीनं घेण्यापेक्षा स्वस्त पडेल.