बाबांची दुर्बीण आणि माझा स्क्रूड्रायव्हर

शनिवारची सकाळ, ऐरोलीची खाडी. ओहोटी लागलेली, समोर चिखलात फ्लेमिंगोंची गुलाबी गर्दी, आणि आमचे बाबा चक्क मोबाइलवर गुड मॉर्निंगचे मेसेज वाचत बसलेले! गळ्यात त्यांची जुनी रशियन दुर्बीण. ८ बाय ३०, वयाने माझ्यापेक्षा मोठी. ‘बाबा, बघा ना,’ म्हटलं तर म्हणाले, ‘तूच बघ रे. माझे डोळे गेले आता. सगळं धुरकट दिसतं.’

मी दुर्बीण डोळ्याला लावली. मलाही सगळं धुरकटच! म्हणजे बॉस, लोचा निदान फक्त डोळ्यांचा तरी नव्हता.

घरी येऊन मोबाइलचा टॉर्च एका टोकाने आत मारला आणि दुसऱ्या टोकाने तिरकं पाहिलं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. बुरशी! दुर्बीण असो, कॅमेऱ्याची लेन्स असो की रायफलचा स्कोप, मुंबईच्या हवेत हे दुखणं कुणालाच चुकत नाही. बुरशीचं बीज हवेत सगळीकडे असतंच. दमटपणा सत्तर टक्क्यांच्या वर आठवडेच्या आठवडे राहिला की ते रुजतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे दुसरं असतं तरी काय? त्यात ही बया लेदरच्या केसमध्ये, कपाटाच्या तळाशी, प्रेमाने गुंडाळून ठेवलेली. बुरशीला फाइव्ह स्टार सोय! वाईट म्हणजे ती नुसती बसून राहत नाही. तिच्यातून आम्ल पाझरतं आणि काचेवरचं कोटिंग खातं. वेळेत पुसली तर जाते, उशीर झाला तर डाग कायमचा.

आता आपण पडलो इंजिनीअर. (सॉफ्टवेअरचे, पण ते तेव्हा आठवलं नाही.) रविवारी दुपारी डायनिंग टेबलवर पेपर पसरला, छोटे स्क्रूड्रायव्हर काढले आणि दुर्बीण उघडली.

अशा जुन्या दुर्बिणीत प्रत्येक नळीत दोन, म्हणजे एकूण चार प्रिझम असतात. पुढच्या लेन्समधून प्रतिमा उलटी येते, प्रिझम ती सुलटी करतात. इग्नात्सिओ पोरो या इटालियन गृहस्थांनी १८५४ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं, म्हणून ती पोरो प्रिझम. मी चारही प्रिझम काढले, लेन्स टिश्यू आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने लख्ख पुसले. बुरशी गायब! सगळं परत बसवलं, ऐटीत गॅलरीत जाऊन समोरच्या बिल्डिंगकडे पाहिलं.

गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या. एकावर एक.

‘टाकी एकच आहे,’ आई आतून म्हणाली. ‘दुसरी तू बांधलीस.’

प्रिझम केसभर जरी हलला तरी दोन नळ्या दोन दिशांना बघायला लागतात. फरक थोडा असेल तर मेंदू ओढूनताणून दोन चित्रं जुळवून घेतो, पण अर्ध्या तासात डोकं ठणकतं. वर-खालचा फरक तर डोळ्यांना अजिबात चालत नाही. तुमच्या दुर्बिणीचं तपासायचंय? लांबच्या गच्चीच्या कडेवर नजर लावा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून वीतभर लांब न्या. दोन्ही गोलांत ती कड एकाच उंचीवर दिसली पाहिजे. माझ्याकडे सरळ जिना दिसत होता.

शेवटी फोर्टमधला बोराबाजार. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी दुर्बीण हातात घेतली आणि पहिला प्रश्न टाकला, ‘उघडण्याआधी प्रिझमला पेन्सिलची खूण केलीस?’ मी गप्प. मग त्यांनी प्रिझम नीट बसवले आणि पुढच्या लेन्सभोवतीच्या दोन रिंगा जराजरा फिरवल्या. या रिंगांचं मध्य मुद्दाम सरकलेलं असतं. त्या फिरवल्या की लेन्स किंचित बाजूला सरकते आणि दोन चित्रं एकावर एक येतात. काम दिसायला पाच मिनिटांचं, पण ते पाच मिनिटांत करायला आयुष्य गेलेलं.

तर घरी काय करावं? बाहेरच्या काचा जरूर साफ करा. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग टिश्यू. शर्टाच्या टोकाने पुसणं बंद! त्यातल्या धुळीनेच ओरखडे पडतात. पावसाळ्यात लेदरची केस बाजूला ठेवा, हवाबंद डब्यात सिलिका जेल टाका, आत वीस-पंचवीस रुपयांचा नव्हे, जरा बरा हायग्रोमीटर ठेवा. काटा चाळीस-पन्नासच्या दरम्यान असला की टेन्शन नॉट. पण प्रिझमला हात लावायचा मोह आला तर स्क्रूड्रायव्हर सरळ शेजाऱ्याला देऊन टाका. आणि हल्लीच्या वॉटरप्रूफ दुर्बिणी किंवा स्कोप तर उघडूच नका. आत धुकं धरू नये म्हणून त्यांत नायट्रोजन भरलेला असतो. सील उघडलं की तो गेला, वॉरंटीही गेली.

पुढच्या शनिवारी पुन्हा ऐरोली. बाबांनी दुर्बीण लावली. ‘उजवीकडे अजून धूसरच आहे.’ माझ्या पोटात गोळा! मग ट्यूब पेटली. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नंबर बदललाय आणि उजव्या आयपीसची रिंग मात्र जुन्याच डोळ्यासाठी लावलेली! उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याचं फोकस केलं, मग डावा मिटून नुसती रिंग फिरवली.

बाबा एकदम गप्प. मग म्हणाले, ‘तो कडेचा बघ. मोठा रोहित आहे. चोच गुलाबी, फक्त टोक काळं.’

‘द्या, बघू,’ म्हटलं.

‘थांब रे जरा.’

अर्धा तास झाला तरी दुर्बीण काही माझ्या हातात आली नाही.