शिवणाचा छंद (भाग ७) : मशीनची हक्काची जागा

गेल्या आठवड्यात सुया आणि दोरे पाहिले. आता जागेचं बघू.

कोकणातल्या जुन्या घरांप्रमाणे पनवेलमध्येही शिवणाचं मशीन ओटीवर नाहीतर पडवीत असायचं. उजेड तिथे, वारा तिथे, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलता बोलता झबली-परकर शिवून व्हायचे. १९७० साली सिडको स्थापन झाली, पुढे नवीन पनवेल, कळंबोली, खारघर उभं राहिलं आणि ओटी गेली. दोन खोल्यांच्या घरात फ्रिजला जागा मिळाली, टीव्हीला मिळाली. मशीन मात्र पलंगाखाली नाहीतर माळ्यावर गेलं. बहुतेक घरांत शिवणाचा छंद इथेच संपतो, हौस कायम असूनसुद्धा. बिडाचं ते जड धूड दर वेळी बाहेर काढायचं, दोन शिवणी मारायच्या आणि जेवणाआधी पुन्हा आत ढकलायचं, हे कोण किती दिवस करणार?

म्हणून कापणी आणि इस्त्रीची जागा मांडता-आवरता आली तरी चालेल, मशीन मात्र कायम मांडलेलं हवं. सिंगर कंपनी एकोणिसाव्या शतकातच घरगुती मशीन देखण्या लाकडी टेबल-कपाटांसह विकत होती, दिवाणखान्यात शोभावं म्हणून. आपणही ते लपवायचं कारण नाही.

जागा निवडताना मशीन कसं चालतं ते आठवा. सुई डाव्या टोकाला असते, त्यामुळे कापडाचा सगळा पसारा डावीकडे पडतो. साडीला फॉल लावताना हे लगेच कळतं. डावी बाजू कपाटाला टेकली असेल, तर कापड अडतं, ओढलं जातं आणि शिवण वाकडी जाते. उजवीकडे चाक फिरवायला हात जाईल एवढी मोकळीक पुरते. मागेही वीतभर जागा सोडाच. शिवलेलं कापड तिकडेच सरकतं, शिवाय तेल घालताना, शटल साफ करताना मशीनचं डोकं मागे कलंडवावं लागतं. उजेड डावीकडून आला, तर सुईवर उजव्या हाताची सावली पडत नाही.

या सगळ्याला ग्रिल लावलेली बाल्कनी अगदी योग्य वाटते, आणि मे महिन्यापर्यंत ती असतेही. पण जूनपासून पावसाची झड आत येते आणि सुईच्या दांड्यावर गंज धरतो. बाल्कनीला सरकत्या काचा नसतील, तर मशीन बाल्कनीच्या दाराच्या आतल्या बाजूला ठेवा. काम संपलं की तेलाचा थेंब सोडून चिंधीवर चार टाके मारा, तीच चिंधी दाबपट्टीखाली राहू द्या आणि वरून सुती खोळ घाला. प्लॅस्टिकच्या खोळीत दमट हवा कोंडते.

खाली बिऱ्हाड असेल, तर पायांखाली रबरी मॅट टाका, खटखट कमी होते.

कापणी पलंगाच्या गादीवर करू नका. कापड दबतं, कात्री तिरकी जाते. स्वच्छ फरशी उत्तम. गुडघे दुखत असतील, तर जेवणाच्या टेबलावर प्लायवूडची फळी टाका, ४४ इंची पन्ना दुमडून सहज मावतो.

पुढच्या भागात मशीनची उंची आणि बसण्याची पद्धत. तोवर घरातली एक खिडकी निवडा, तिच्या उजवीकडची भिंत टेपने मोजा आणि ही जागा मशीनची, असं घरच्यांना स्पष्ट सांगा.